मोटारीचं खोकं आणि दोन ‘पी’



आज ऊस नाही, कांदा नाही. नदीवरच्या मोटारीच्या खोक्याबद्दल लिहितो. दिवाळीनंतर ते मुकं झालं होतं, मग परत बोलतं कसं झालं हे बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं. प्रत्येकाला सांगताना अर्धा तास जातो आणि तरी ‘पी’पाशी येऊन गाडी अडतेच. ‘पी’ काय ते पुढं येईल. लांबण लागणार आहे, पण ज्याच्याकडं असलं खोकं आहे किंवा घ्यायचा विचार चाललाय त्यानं जरा दमानं वाचावं.

आधी खोकं लागतं कशाला ते. आपल्या शिरूर-दौंड पट्ट्याला भीमा आहे, घोड आहे, मुळा-मुठा आहे, कालव्याचं पाणी आहे. बाकीच्या दुष्काळी तालुक्यांच्या मानानं नशीबवानच म्हणायचं. अडचण लाईटीची. शेतीची थ्री फेज पाळीनं येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. सौर कृषी वाहिनीचं काम जिथं झालं तिथं दिवसाची मिळायला लागली, पण सगळीकडं अजून नाही. रात्री अकराला फेज आली की अकराला उठायचं. माझी मोटार भीमेवर आहे, मांडवगणच्या अंगाला. घरापासून सव्वा किलोमीटर, आणि दोन्ही बाजूला डोक्याच्या वर ऊस.

उसात बिबट्या आहे हे आता कुणाला सांगायला नको. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याच तालुक्यात पिंपरखेड-जांबूतकडं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. लेकरं गेली. तेव्हापासून आमच्या घरात रात्री दारं धरायला एकट्यानं जायचं नाही असं घरच्या मंडळींनी ठरवून टाकलं. दोघं जायचं, हातात बॅटरी, मोबाईलवर गाणी मोठ्यानं. मग कुणी म्हणेल ऑटो स्विच लावा, लाईट आली की मोटार आपोआप चालू. लावलाय की. पण ऑटोला काय माहीत आज ऊस भिजवायचा का गवत. भिजलेल्या साऱ्यातच रात्रभर पाणी जातं, कुठं पाईप निसटला असला तर शेजाऱ्याच्या कांद्यात जातं, आणि सकाळी भांडण.

म्हणून मोबाईलवरची खोकी. ही काही आजची गोष्ट नाही. आपल्या पुण्याच्या संतोष ओस्तवालांनी ‘नॅनो गणेश’ काढलं, त्याला २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं. आजोबांना अवेळी मोटारीसाठी पायपीट करताना बघितलं, तिथून डोक्यात आलं असं ते सांगतात. त्यात मोटारीपाशी एक मोबाईल ठेवायचा, आपण त्याला फोन लावायचा आणि आकडे दाबायचे. साधं काम. आपला फोन सरळ मोटारीच्या फोनला. मध्ये दुसरं कुणी नाही.

आताची नवी खोकी मात्र इंटरनेटवर चालतात आणि यात मध्ये एक जण असतो. त्याला ब्रोकर म्हणतात. नाव ऐकून मला पहिल्यांदा शिरूरच्या बाजार समितीतला अडत्याच आठवला, आणि खरं सांगायचं तर तसंच आहे ते. आपण कांदा थेट मद्रासच्या व्यापाऱ्याला देत नाही. गाळ्यावर नेऊन टाकतो. ज्याला घ्यायचा तो तिथं येतो. आपली त्याची ओळखही नसते. ब्रोकरचं तेच. माझा मोबाईल ‘नदीची मोटार चालू’ असा निरोप ब्रोकरच्या गाळ्यावर टाकतो, नदीवरचं खोकं त्याच गाळ्यावर कान लावून बसलेलं असतं, ते उचलतं. खोकं उलटा निरोप टाकतं, ‘चालू झाली, तिन्ही फेज आहेत’, तो माझा मोबाईल उचलतो. एवढाच फरक की हा अडत्या तोलाई-हमाली कापत नाही.

हे निरोप ज्या बोलीत चालतात तिचं नाव एमक्यूटीटी. पुतण्यानं सांगितलं तेव्हा मला वाटलं शहरातल्या पोरांनी ॲपसाठी केलेलं काहीतरी असेल. तर तसं नाही. १९९९ साली आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि त्यांच्याबरोबर आर्लेन निपर या दोघांनी ती तेलाच्या पाईपलाईनसाठी बांधली. मैलोनमैल ओसाड जागेतली पाईपलाईन, तिच्यावर नजर ठेवायला उपग्रहाची महागडी लाईन, म्हणून निरोप जितका छोटा करता येईल तितका केलेला. उजाड रान, लांब पाईप, अधूनमधून तुटणारी लाईन. म्हणजे पहिल्या दिवसापासून ते आपल्यासारख्यांचंच काम होतं, फक्त त्यांच्या पाईपात तेल आणि आपल्या पाईपात पाणी.

आता ब्रोकरपर्यंत पोचायला खोक्याला काय काय माहीत लागतं? पत्ता, म्हणजे कोणत्या समितीत जायचं. त्याला होस्ट म्हणतात. मग गेट नंबर, त्याला पोर्ट. साध्या दाराचा नेहमीचा नंबर १८८३ आणि कुलपाच्या दाराचा ८८८३. मग नाव आणि पासवर्ड. मग खोक्याची स्वतःची ओळख, त्याला क्लायंट आयडी. आणि शेवटी गाळा, म्हणजे टॉपिक. एवढ्या सहा गोष्टी बरोबर असल्या तर सव्वा किलोमीटरवरची मोटार घरातून चालू होते. सहातली एक चुकली की बॅटरी घेऊन उसातून चालत जायचं. माझ्यासाठी ही कॉम्प्युटरची गोष्ट नाही, एवढंच म्हणणं आहे.

दिवाळीनंतर झालं असं. खोकं ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी आपला सर्व्हर बदलला. पत्ता बदलला, पासवर्ड बदलला. नाव घेत नाही, माणसं वाईट नाहीत. खोक्यातला जुना पत्ता बदलायला लॅपटॉप लागतो, खोक्याला वायर लावायची आणि काळ्या पडद्यावर एक ओळ टाईप करायची. बटणं नाहीत, चित्रं नाहीत, नुसती ओळ. त्यांचा माणूस येणार होता, आला नाही. आठ दिवसांनी म्हणाला, ‘काका, फोनवर सांगतो, तुमच्या पुतण्याला टाईप करू द्या.’

पुतण्या नदीवर, स्टार्टरच्या पेटीपाशी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला. मी फोन स्पीकरवर धरलेला. तिकडून आवाज: ‘डॅश एच, मग पत्ता. डॅश पी, मग एक आठ आठ तीन. डॅश यू, मग नाव. डॅश पी, मग पासवर्ड.’

मी म्हटलं, ‘साहेब, पी दोनदा झाला.’

‘हो काका, पहिला पी छोटा, दुसरा मोठा.’

छोटा पी म्हणजे पोर्ट, मोठा पी म्हणजे पासवर्ड. आता बघा, आपल्या बाराखडीत छोटं-मोठं अक्षर असतं का? ‘प’ म्हणजे ‘प’. आणि नदीच्या काठाला एक कांडी रेंज, त्यात छोटा आणि मोठा हा शब्दच ऐकू आला नाही तर? आमचं तेच झालं. दोन-तीनदा ओळ टाकली, दर वेळी खोकं म्हणायचं ‘नाही जमलं’. काय नाही जमलं ते नाही. पत्ता चुकला, का पासवर्ड, का रेंजच नाही, काही पत्ता लागू देईना.

संध्याकाळी पुतण्यानं मला जे सांगितलं त्यानं मी गारच झालो. हे छोटा पी पोर्ट आणि मोठा पी पासवर्ड त्या लोकांनी मनानं केलेलं नव्हतं. मॉस्किटो नावाचा एक फुकटचा ब्रोकर आहे, जगभर चालतो. नाव मच्छराचंच, इंग्रजीत फक्त एक टी जास्त. त्याच्याबरोबर निरोप टाकायचा आणि ऐकायचा असे दोन छोटे प्रोग्रॅम येतात, त्यात ही अक्षरं अशीच आहेत. आणि मायएसक्यूएल म्हणून माहिती साठवायचा प्रोग्रॅम आहे, त्यात बरोब्बर उलटं. छोटा पी पासवर्ड, मोठा पी पोर्ट. म्हणजे एका दुकानात उजवीकडचा नळ गरम पाण्याचा आणि शेजारच्या दुकानात डावीकडचा. शिकलेल्या पोरांचंही बोट भाजत असणार.

मॉस्किटोवाल्यांच्या बाजूनं एवढं सांगायला पाहिजे की त्यांनी अक्षराबरोबर पूर्ण शब्दही ठेवलेत. छोट्या पीऐवजी ‘डॅश डॅश पोर्ट’ लिहिलं तरी चालतं. मोठ्या पीसाठी मात्र तिथंही ‘डॅश डॅश पीडब्ल्यू’ असं अर्धंच ठेवलंय. आमच्या खोक्याच्या हत्याराला तर शब्द नव्हतेच, नुसती अक्षरं.

मग पुतण्याला मी म्हटलं, तू पायथन शिकलास ना, आपलं आपण एक हत्यार कर. खोक्याला पत्ता सांगायचं आणि ब्रोकरशी बोलून बघायचं. पण मला विचारून कर. तो हसला. म्हणाला, ‘काका, तुम्हाला काय विचारायचं यातलं?’ मी म्हटलं, रात्री उसातून मी जाणार का तू?

पहिली माझी अट, जे फोनवर बोलून सांगता येत नाही ते त्यात नको. म्हणजे पूर्ण शब्द. होस्ट, पोर्ट, नाव, पासवर्ड, आयडी, टॉपिक. पुतण्या म्हणाला टाईप करायला लांब होतं. होऊ दे. वर्षातून दोनदा टाईप करायचंय, रोज थोडंच. मराठीत शब्द ठेवायचे का, ‘डॅश डॅश पत्ता’ वगैरे, यावर आमचं बरंच चाललं. शेवटी मीच म्हटलं इंग्रजी राहू दे. उद्या पुतण्या नोकरीला गेला आणि केडगावच्या नाहीतर न्हावऱ्याच्या दुकानातल्या पोराला दाखवायची वेळ आली तर त्याला कळलं पाहिजे. हत्यार जे उत्तर देतं ते मात्र मराठीत.

दुसरी गोष्ट गप्प राहण्याची. मॉस्किटोच्या त्या प्रोग्रॅमला पत्ता दिलाच नाही तर तो तक्रार करत नाही. तो स्वतःच्याच मशीनवर ब्रोकर आहे असं धरून चालतो. पुतण्याच्या पहिल्या हत्यारातही तीच सवय आली होती. त्याच्या लॅपटॉपवर सरावासाठी ब्रोकर चालू होता. पत्त्याची ओळ गाळली गेली, हत्यार आपल्याच घरातल्या ब्रोकरला जोडलं गेलं आणि हिरव्या अक्षरात ‘जोडलं’ म्हणालं. आम्ही खूश. रात्री फेज आली, मी मोबाईलवरून मोटार चालू केली, निरोप गेला, आणि नदीवर सामसूम. सकाळी कळलं की खोक्याकडं काही पोचलंच नव्हतं. एक पाळी गेली. माणूस कांदा घेऊन निघाला, समिती सांगितलीच नाही, तर ड्रायव्हरनं विचारायला नको का कुठं जायचं? हा आपल्याच वाड्यात पोती उतरवून पावती देतोय! आता पत्ता दिला नाही तर हत्यार पुढं जातच नाही. म्हणतं, ‘ब्रोकरचा पत्ता सांगा.’ पोर्टाला मात्र न सांगता १८८३ धरलेलं चालतं, कारण ते सगळीकडं तेच असतं. कशाला धरून चालायचं आणि कशाला अडून बसायचं हे प्रत्येक गोष्टीचं वेगळं ठरवावं लागतं, सरसकट नाही.

तिसरं पासवर्डाचं. त्या लोकांनी फोनवर जमेना म्हणून ती सगळी ओळ व्हॉट्सॲपवर पाठवली, आणि ती एकट्या मला नाही, गिऱ्हाईकांच्या ग्रुपवर. पासवर्डासकट. ग्रुपमधल्या कुणीही माझी मोटार चालू करावी! कुणी करणार नाही, ओळखीची माणसं आहेत, पण बांधावरनं भांडण असलेला एखादा असतोच की. आणि ओळीत पासवर्ड लिहिला की तो कॉम्प्युटरच्या आठवणीत बसतो. वरचा बाण दाबला की मागच्या सगळ्या ओळी परत दिसतात. शिवाय ओळ चालू असेपर्यंत त्या मशीनवर दुसऱ्या कुणाचं खातं असलं तर चालू कामांच्या यादीत त्यालाही ती ओळ दिसू शकते. म्हणून आता पासवर्ड ओळीत घेतच नाही. एका फाईलमध्ये ठेवायचा, ती फाईल फक्त मालकाला वाचता येईल अशी करायची आणि हत्याराला फाईलचं नाव सांगायचं. फाईल नसली तर हत्यार विचारतं आणि टाईप करताना अक्षरं दिसत नाहीत, एटीएमसारखं.

बाकीच्या पाच गोष्टीही फाईलमध्येच ठेवल्या, एका ओळीत एक. ही पद्धत मॉस्किटोतही आहे, तिथून उचलली. पण फाईल आली की नवा घोळ येतो. फाईलमध्ये एक पत्ता, ओळीत दुसरा, मग खरा कुठला? पुतण्यानं सांगितलं की रिवाज असा आहे की ओळीत सांगितलेलं सगळ्यात वर, मग फाईल, आणि कुठंच नसलं तर धरून चाललेलं. ठीक. पण मला ते लक्षात ठेवायला लावू नकोस म्हटलं. म्हणून आता ‘डॅश डॅश दाखव’ म्हटलं की हत्यार काहीही न करता नुसतं वाचून दाखवतं: पत्ता हा, फाईलमधून आला. पोर्ट १८८३, तुम्ही सांगितला नाही म्हणून धरला. आयडी हा, आत्ता ओळीत दिलात. पासवर्डाच्या जागी फुल्या. तेवढा एकच शब्द मराठी ठेवला, इंग्रजी अक्षरात लिहून. हे मला सगळ्यात आवडलेलं काम. सातबारा बघितल्यासारखं वाटतं, कुठली नोंद कुठल्या फेरफारानं आली ते समोर.

चौथं, ‘नाही जमलं’ हे उत्तर बंद. यात मला वाटलं होतं पुतण्याला फार काम पडेल. तर ब्रोकर आधीपासूनच कारण सांगत असतो! जोडणी नाकारली की तो आकडा देतो. एमक्यूटीटीच्या ३.१.१ या आवृत्तीत, जी २०१४ साली प्रमाण म्हणून ठरली, चार म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला, पाच म्हणजे परवानगी नाही, तीन म्हणजे ब्रोकरच सध्या कामावर नाही. हे आकडे येत होते आणि मधलं हत्यार ते गिळून ‘नाही जमलं’ म्हणत होतं. आमचं आता असं बोलतं: ‘पत्ता सापडला नाही, स्पेलिंग आणि रेंज बघा.’ ‘पत्ता सापडला, पण दार बंद आहे, पोर्ट बघा.’ ‘दार उघडलं, नाव किंवा पासवर्ड चुकला.’ ‘आत घेतलं, पण या टॉपिकला परवानगी नाही.’ चार वाक्यं. पहिलं आलं तर मोबाईल हलवून रेंज बघायची, तिसरं आलं तर घरी जाऊन डायरी बघायची. नदीवर दोन तास बसून डोकं खाजवायचं नाही.

आता पाव्हण्याचं सांगतो. माझा मेहुणा नदीपल्याड, दौंड तालुक्यात पारगावच्या बाजूला. न्हावरे-चौफुला रस्त्यावरचा पूल ओलांडला की त्याचं रान. त्याच्याकडंही तेच खोकं आणि त्यालाही फोनवर तीच ओळ सांगितली गेली, आयडीसकट तीच. झालं काय, माझं खोकं जोडलं की त्याचं सुटायचं, त्याचं जोडलं की माझं सुटायचं. दर काही सेकंदाला. मोबाईलवर नुसतं आलं-गेलं, आलं-गेलं. तो मला फोन करून म्हणतो, ‘दाजी, तुमच्याकडं रेंज जातेय का सारखी?’ मी त्याला म्हणतोय तुझ्याकडं जाते का. दोघं मोबाईल कंपनीला शिव्या देतोय. आणि नियम असा आहे की एका आयडीचा दुसरा आला की ब्रोकरनं पहिल्याला बाहेर काढायचंच. एका नावाचे दोन सातबारे चालत नाहीत म्हणा. आता हत्यार खोक्याच्या आतल्या पक्क्या नंबरावरून आयडी स्वतःच तयार करतं. हातानं द्यायचा तर देता येतो, पण मुद्दाम सांगावं लागतं.

हे सगळं झालं सोयीचं. आता जिवाचं.

एमक्यूटीटीत निरोप ठेवून घ्यायची सोय आहे. रिटेन म्हणतात. गाळ्यावर शेवटचा निरोप चिकटवून ठेवायचा, जो कुणी नवीन येईल त्याला तो लगेच मिळतो. मोटारीची हालत सांगायला हे चांगलं. मी सकाळी मोबाईल उघडला की ‘बंद आहे, फेज नाही’ हे लगेच दिसतं, खोकं परत बोलेपर्यंत थांबावं लागत नाही. पण आमच्या खोक्याबरोबर आलेलं ॲप ‘चालू कर’ हा हुकूमही तसाच चिकटवत होतं. याचा अर्थ कळतोय का? मी काल रात्री चालू म्हटलं. मध्येच लाईट गेली. आज दुपारी आम्ही जॅकवेलवर फूट व्हॉल्व्ह काढायला उतरलोय. लाईट आली, खोकं जागं झालं, ब्रोकरशी जोडलं, आणि त्याला कालचा ‘चालू कर’ ताजा म्हणून मिळाला.

तसंच झालं. आम्ही खाली, आणि वर पेटीत खट्ट आवाज आला. आमच्या वडिलांची शिस्त होती की पाण्यात उतरायचं तर आधी कटआऊट काढून खिशात ठेवायचे, तिन्ही. ते खिशात होते म्हणून नुसता कॉन्टॅक्टर ओढला, मोटारीत करंट गेला नाही. मेहुणा वर येऊन बराच वेळ पेटीकडं बघत बसला होता.

त्या दिवशी पुतण्याला म्हटलं, हुकूम चिकटवायची सोयच काढून टाक. नुसती बंद ठेवू नकोस, काढच. त्याचं म्हणणं होतं की कधी लागली तर? नाही लागत. हालत चिकटवावी, हुकूम चिकटवू नये. शिवाय प्रत्येक हुकमात आता वेळ लिहिलेली असते आणि दोन मिनिटांपेक्षा जुना हुकूम खोकं घेत नाही. एमक्यूटीटीची २०१९ साली आलेली पाचवी आवृत्ती आहे, तिच्यात निरोपाला मुदत लावायची सोय मुळातच आहे, पण आमच्या खोक्याला ती बोली येत नाही, म्हणून हा जुगाड. आणि कटआऊट काढायचे ते काढायचेच, कितीही चांगलं खोकं आलं तरी. हे प्रत्येकानं घरात सांगा, विशेषतः पोरांना.

एक सोय मला फार पटली, तिचं नाव विल, म्हणजे मृत्युपत्र. खोकं ब्रोकरशी जोडतानाच सांगून ठेवतं की मी न सांगता गेलो तर माझ्या गाळ्यावर हा निरोप लावा. किती वेळानं गेलं समजायचं तेही तेव्हाच ठरतं, त्याला कीप-अलाईव्ह म्हणतात. साठ सेकंद ठेवले तर दीडपट, म्हणजे नव्वद सेकंद काहीच हूं का चूं आलं नाही की ब्रोकर निरोप लावतो. आमच्यावर आता ‘नदीचं खोकं बोलत नाही’ असा निरोप येतो. पूर्वी मोबाईलवर ‘चालू’ तसंच दिसत राहायचं आणि खोकं कधीच मेलेलं असायचं. खोट्या ‘चालू’पेक्षा हा निरोप बरा, निदान जायचं का नाही ते घरातून ठरवता येतं.

त्या लोकांच्या सर्व्हरवर किती दिवस राहायचं हाही विचार झाला. पत्ता बदलता येतो हे एकदा हातात आल्यावर पुतण्यानं महिन्याच्या भाड्यानं एक छोटा सर्व्हर घेऊन त्यावर मॉस्किटो बसवला. तिथं एक संध्याकाळ गेली, कारण बसवला तरी बाहेरून कुणालाच जोडू देईना. तर २०२० च्या शेवटी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून तो नवीन बसवला की फक्त स्वतःच्या मशीनपुरताच ऐकतो आणि बिननावाच्या माणसाला आत घेत नाही, आपण दार उघडून द्यावं लागतं. पुतण्या वैतागला. मला ते बरोबर वाटलं, कुलूप लावूनच वाडा हातात द्यावा.

राहिलंय ते कुलपाच्या दाराचं, म्हणजे ८८८३ चं. सध्या पासवर्ड उघड्यावरून जातो हे मला माहीत आहे आणि ते बरं नाही. अडचण अशी की कुलपाच्या दारात ब्रोकरचं ओळखपत्र तपासावं लागतं, त्यावर तारीख असते, आणि आमच्या खोक्यात घड्याळ टिकत नाही. लाईट गेली की ते १९७० सालात जातं. मग ओळखपत्र बघून म्हणतं, हे अजून सुरूच झालेलं नाही, आणि दार लावून घेतं. जोडण्याआधी खोक्यानं नेटवरून वेळ आणायची असं पुतण्या करतोय. तपासणीच बंद करायचा एक पर्याय अशा हत्यारांत असतो, त्याचं नाव इंग्रजीत ‘असुरक्षित’ असंच आहे. तो आमच्या हत्यारात ठेवायचा नाही असं ठरलं. ठेवला की सगळे तोच वापरणार, मी धरून.

पाव्हण्याचं खोकं येत्या रविवारी नव्या सर्व्हरवर घेतोय. ज्यांना ही सहा ओळींची फाईल हवी आहे त्यांना पाठवतो, पासवर्डाची ओळ कोरी असेल. आमच्या स्टार्टरच्या पेटीच्या दारावर आतल्या बाजूनं पाच गोष्टी मार्करनं लिहून वर सेलोटेप मारलाय, लॅपटॉप नसला तरी बघता येतात. सहावी डायरीत.

कांद्याच्या रोपाला पीळ पडतोय म्हणून दोघा-तिघांनी फोटो पाठवलेत, त्यावर पुढच्या आठवड्यात लिहितो.